डॉ. जॉन इव्हान्स यांच्या मागावर: डेन्व्हर ते सँड क्रीक

डेन्व्हरमध्ये चार दिवस हाताशी होते, तेव्हा नेहमीच्या पर्वतदर्शनाऐवजी डॉ. जॉन इव्हान्स यांच्या आयुष्याचा माग काढायचे आम्ही ठरवले. १८१४ मध्ये ओहायोत जन्मलेले हे डॉक्टर इंडियानातील मनोरुग्णालयाचे पहिले अधीक्षक झाले, शिकागोच्या रश वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संस्थापकांत गणले गेले (इव्हान्स्टन हे गाव त्यांच्याच नावाचे) आणि १८६२ मध्ये लिंकन यांनी नेमलेले कोलोराडो प्रदेशाचे दुसरे गव्हर्नर म्हणून डेन्व्हरला आले. प्रदेशाला अजून राज्याचा दर्जा नसल्याने गव्हर्नर निवडून येत नसे. शिवाय मूळ रहिवाशांच्या कारभाराचे अधीक्षकपदही त्याच्याकडेच असे. वसाहतवाल्यांचा पुढारी आणि ज्यांची जमीन ते बळकावत होते त्यांचा पालक एकच असावा, ही रचनाच मुळात धोकादायक होती, असे मला वाटते.

त्याचे फळ पाहायचे तर मूळ रहिवाशांचे हत्याकांड जिथे झाले त्या सँड क्रीकला जावे लागते. डेन्व्हरहून लायमन, किट कार्सनमार्गे ईड्स हे गाव सुमारे तीन तासांवर आहे. पेट्रोलची टाकी ईड्समध्येच भरून घ्यावी, पाणी व खाणेही तिथूनच घ्यावे. पुढे चिव्हिंग्टन या वस्तीपासून खडीचा रस्ता लागतो आणि तिथे आमच्या फोनचे नेटवर्क गेले, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवणे शहाणपणाचे. हे राष्ट्रीय स्मारक आठवड्यातून कोणते दिवस उघडे असते हे ऋतूनुसार बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करावी. प्रवेशशुल्क नाही. टेकाडावरच्या पायवाटेने चालताना सावली फारशी मिळत नाही आणि वारा थांबत नाही. खाली ओढ्याच्या पात्रात उतरण्यास मनाई आहे, कारण शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या लोकांसाठी ती भूमी पवित्र आहे.

२९ नोव्हेंबर १८६४ रोजी पहाटे कर्नल चिव्हिंग्टन यांच्या सुमारे पावणेसातशे सैनिकांनी इथल्या छावणीवर हल्ला केला. ब्लॅक केटल या प्रमुखाने अमेरिकेचा ध्वज आणि पांढरे निशाण उभारलेले असूनही सुमारे २३० माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. त्या दिवशी इव्हान्स पूर्वेकडे गेलेले होते. पण त्याच ऑगस्टमध्ये, शत्रुत्व करणाऱ्या मूळ रहिवाशांना ठार मारण्याची मुभा नागरिकांना देणारी जाहीर सूचना त्यांच्याच सहीने निघाली होती. चौकशीनंतर १८६५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. ती सूचना मात्र कागदोपत्री रद्द होण्यास २०२१ साल उजाडले.

राजकारण संपले तरी डॉक्टरसाहेब डेन्व्हरमध्येच राहिले आणि १८७० मध्ये डेन्व्हरला वायोमिंगमधील शायेन शहराशी जोडणाऱ्या रेल्वेमागे त्यांचा मोठा हात होता. डेन्व्हर विद्यापीठही त्यांनी स्थापन केले. तिथले इव्हान्स चॅपेल हे मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी बांधलेले प्रार्थनामंदिर, जे मूळ जागेवरून उचलून विद्यापीठाच्या आवारात आणले गेले. ते अर्ध्या तासात पाहून होते.

त्यांच्या नावाचे शिखर २०२३ पासून ‘माउंट ब्लू स्काय’ म्हणून ओळखले जाते. वर जाणारा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, उन्हाळ्यातही आगाऊ नोंदणी लागू शकते. आणि उंची चार हजार तीनशे मीटरांहून अधिक असल्याने डेन्व्हरला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊ नये.

शेवटचा दिवस रिव्हरसाइड दफनभूमीसाठी ठेवावा. इव्हान्स तिथेच विसावले आहेत. त्याच आवारात सायलस सूल या कॅप्टनचीही कबर आहे, ज्यांनी सँड क्रीकवर आपल्या तुकडीला गोळीबाराचा हुकूम देण्यास नकार दिला, पुढे चौकशीत साक्ष दिली आणि काही आठवड्यांतच डेन्व्हरच्या रस्त्यावर गोळी घालून ज्यांना मारण्यात आले. कबर शोधायला वेळ लागतो, म्हणून आवाराचा नकाशा सोबत घ्यावा; साधी, लहान लष्करी शिळा आहे, आणि लोकांनी तिच्यावर वस्तू ठेवलेल्या असतात.