कागदाची घडी आणि उणे चिन्ह

परवा भाचीने वही पुढे सरकवली. (३, २) या बिंदूचं एक्स-अक्षातलं प्रतिबिंब तिने (−३, २) लिहिलं होतं. "मामा, एक्स-अक्ष म्हटलंय ना, मग एक्सचंच चिन्ह बदलणार!" मला हसू आलं, कारण हीच चूक मी शाळेत वर्षभर इमानेइतबारे केली होती. नियम तोंडपाठ असायचा, पण पेपरात नेमका उलटा आठवायचा. (एक्स-वाय माझ्या जिभेवर बसत नाहीत, पुढे क्ष आणि य असंच लिहितो.)

नियम बाजूला ठेवला. आलेख कागदावर (३, २) चा ठिपका काढला, क्ष-अक्षावर घडी घातली आणि ठिपक्यातून टाचणी आरपार टोचली. कागद उघडला तर दुसरं भोक (३, −२) वर. ठिपका अक्षाच्या जितका वर, भोक तितकंच खाली. डावी-उजवीकडे मात्र तसूभरही सरकलेलं नाही. ज्या अक्षावर घडी, त्याचा निर्देशांक जागच्या जागी राहतो. बिचाऱ्या नावामुळे घोळ होतो, एवढंच.

घडी घातल्यावर किंवा फिरवल्यावर आलेख स्वतःवरच जुळला, की ती सममिती. आरंभबिंदूभोवतीची, म्हणजे (०, ०) भोवतीची सममिती एका घडीत येत नाही. तिथे टाचणी आरंभबिंदूत रोवून कागद अर्धा फेरा फिरवायचा. य = क्ष³ चा आलेख असा उलटा केला तरी हुबेहूब तसाच दिसतो. एकामागून एक दोन्ही अक्षांवर घड्या घातल्या तरी बिंदू तिथेच पोचतो, म्हणून दोन्ही अक्षांशी सममित असलेला आलेख आरंभबिंदूशीही सममित असतोच. उलट मात्र खरं नाही: क्ष³ चा आलेख कुठल्याच अक्षावर दुमडून जुळत नाही.

समीकरणात क्ष च्या जागी −क्ष घालायचं आणि ते बदललं नाही तर य-अक्षाशी सममिती, ही कसोटी सगळ्यांना येते. तिनेच मला एकदा गोत्यात आणलं. य = क्ष² − ४क्ष ला कसोटी लावली, समीकरण बदललं, आणि मी "सममिती नाही" लिहून मोकळा झालो. आलेख काढायचे कष्ट घेतले असते तर (०, ०) आणि (४, ०), (१, −३) आणि (३, −३) अशा जोड्या समोर दिसल्या असत्या. घडी क्ष = २ या रेषेवर होती! कसोटी फक्त य-अक्षाबद्दल विचारत होती, उत्तर मी साऱ्या जगाबद्दल दिलं. क्ष च्या जागी ४ − क्ष घातलं असतं तर समीकरण जसंच्या तसं परत आलं असतं.

हे सांगेपर्यंत भाचीने नवा कागद घेऊन आरंभबिंदूतून तिरकी घडी घातलीही होती, क्ष = य या रेषेवर. (३, २) मधून टाचणी टोचली, भोक (२, ३) वर पडलं. ती थोडा वेळ बघत राहिली. "मामा, इथे तर चिन्ह कुणाचंच बदललं नाही. नुसती अदलाबदल झाली."