मायक्रोवेव्हच्या लहरी अंगाला जाणवतात का?

लालबाग-परळच्या बाजूला मी मायक्रोवेव्ह दुरुस्त करतो. यंत्र उघडून बसलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हा चालू असला की डोकं जड झाल्यासारखं वाटतं. लहरी कळतात का हो माणसाला?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आत मॅग्नेट्रॉन असतो. तो सेकंदाला सुमारे 245 कोटी कंपनांच्या लहरी सोडतो. पदार्थातले पाण्याचे रेणू त्या लहरींबरोबर सारखे इकडून तिकडे वळू बघतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि पदार्थ तापतो. लहरी आत दोन-तीन सेंटीमीटरच मुरतात, म्हणून कडेचा भात वाफाळतो आणि मधला गोळा गारच राहतो. यंत्र बंद झालं की लहरीही संपल्या, अन्नात काही उरत नाही.

तुम्हाला ऐकू येते ती घरघर लहरींची नव्हे. ती ट्रान्सफॉर्मरची, पंख्याची आणि ताटली फिरवणाऱ्या मोटरची. पण लहरी ऐकू येणं ही निव्वळ थापही नाही. अ‍ॅलन फ्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1962 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे नोंदवलंय. रडारसारख्या तुटक, जोरदार ठोक्यांनी सोडलेल्या लहरी डोक्यावर पडल्या तर टकटक किंवा गुणगुण ऐकू येते. प्रत्येक ठोक्याला डोक्यातला भाग अंशाच्या दहा लाखाव्या हिश्शाइतका तापतो, झटकन फुगतो आणि तो दाब आतल्या कानापर्यंत पोचतो. मला हे फार विलक्षण वाटतं. स्वयंपाकघरातल्या यंत्रातून मात्र असे ठोके बाहेर येत नाहीत. तेव्हा डोकं जड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, मायक्रोवेव्हवर ढकलून मोकळे होऊ नका.

माझी काळजी वेगळीच आहे, यंत्रातून लहरी बाहेर गळण्याची. कातडीला फक्त ऊब कळते, तीही लहरी बऱ्याच जोरदार असतील तेव्हाच. डोळ्याच्या भिंगात तर रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. म्हणून "काही जाणवत नाही, म्हणजे ठीक आहे" यावर भिस्त ठेवू नका. दार बघा. काचेमागच्या जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि लहर 12 सेंटीमीटर लांब, त्यामुळे ती आतच अडते. पण आपल्या मुंबईच्या खारट, दमट हवेत चौकटीला गंज धरतो, बिजागरी सैल होते, दार एका बाजूने लोंबतं. दाराच्या कडेला फट दिसली, किंवा दार उघडल्यावर यंत्र तत्क्षणी थांबलं नाही, तर ते वापरणं बंद करा.

लहरी गळतात का हे तपासायला काही जण बंद यंत्रात फोन ठेवून रिंग वाजते का बघतात, त्यावर जाऊ नका. फोनला अगदी क्षीण सिग्नलही पुरतो, त्यामुळे धडधाकट यंत्रातही तो वाजू शकतो.

आणि मागचा पत्रा स्वतः खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.