झुटारा की काटांग? भांडायचंच तर हे चार भाग बघून भांडा

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खाताना 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेचा विषय निघाला, की दुसरा रस्सा यायच्या आत टेबलाचे दोन तट पडतात: कटाराची जोडी झुकोशी हवी म्हणणारे झुटारावाले, आणि नायक आंगशी हवी म्हणणारे काटांगवाले. मालिका 2008 मध्ये संपली, भांडण नाही. कारण बहुतेक जण रीलवरून भांडतात. क्लिप स्लो करून वर गाणं चढवलं, की झुको आणि कटाराच्या नजरेत हवं ते दिसतं.

म्हणून आधी दुसऱ्या सीझनचा 20वा भाग, मग तिसऱ्याचे 10, 16 आणि 17 बघा. साधारण 23 मिनिटांचा एकेक, म्हणजे दीड तासाचं काम.

झुटारावाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे तो 20वा भाग. स्फटिकांच्या भुयारात कटारा झुकोच्या चेहऱ्यावरच्या भाजल्याच्या डागावर हात ठेवते, पवित्र पाण्याने तो बरा करू पाहते. क्लिप इथेच कापलेली असते. पुढे झुको त्याच्या बहिणीला, शत्रूपक्षातल्या अझुलाला, सामील होतो आणि तेच पाणी आंगचा जीव वाचवायला खर्ची पडतं. हा सीन प्रेमाची सुरुवात म्हणून दाखवला जातो. मालिकेत तो कटाराच्या रागाचं मूळ आहे. तो राग 16व्या भागापर्यंत टिकतो. तिथे कटाराच्या आईच्या मारेकऱ्याच्या शोधात झुको तिच्याबरोबर जातो, आंग मात्र सूड नको म्हणतो. शेवटी ती झुकोला मिठी मारते, हे सगळ्यांना पाठ. पण त्यानंतर झुको आंगला सांगतो की तुझंच बरोबर होतं, ते कुणी रीलमध्ये ठेवत नाही.

आता काटांगवाल्यांची दुखरी नस. 10व्या भागात आंग लढाईला निघताना कटाराला किस करतो. 17व्यात नाटकाच्या मध्यंतरात, गॅलरीत, तो तिला त्याबद्दल विचारतो. ती म्हणते, माझाच गोंधळ उडालाय. तरी तो पुन्हा किस करतो आणि ती चिडून निघून जाते. त्यापुढे राहतात शेवटचे चार भाग, आणि अखेरच्या दृश्यात थेट दोघांचं किस. मधे या विषयावर दोघांचं एक वाक्यही बोलणं नाही. एवढा एक सीन लिहिला असता तर अर्धं भांडण मिटलं असतं. 'कॅनन आहे, म्हणजे मालिकेनेच तसं दाखवलंय, विषय संपला' म्हणून ही फट बुजत नाही.

दोन मुद्दे मात्र टेबलावर घेऊच नका. पहिल्या सीझनमधल्या ज्योतिषी आंटी वूने कटाराला ताकदवान बेंडर (पाणी, आग अशी तत्त्वं वळवणारा) नवरा सांगितलाय. झुकोही बेंडरच, त्यामुळे ते दोन्हीकडे लागू पडतं. आणि शेवटी झुको तिच्यासाठी वीज अंगावर घेतो ते. तो झुको आहे, कटाराचा भाऊ सोक्का समोर असता तरी घेतली असती!

टेबलावर कुणी मालिका पहिल्यांदाच बघत असेल, तर त्याला हे चार भाग सुटे दाखवू नका. 17व्यातलं नाटक म्हणजे तोवरच्या सगळ्या कथेची टिंगल आहे. आधीचं न बघता बसलं तर एकही विनोद कळत नाही आणि कथेतली वळणं तेवढी आधीच फुटतात.