कोणतं टेबल मिळालं

शुक्रवार, रात्री

विद्यापीठातल्या उपकुलसचिव (डेप्युटी रजिस्ट्रार) पदाचा अर्ज आज भरून संपवला. जन्मतारीख, शिक्षण, जात वैधता हे सगळं तोंडपाठ आहे, तिथे वेळ लागत नाही. अडले ती अनुभवाच्या तक्त्यात. विभाग, पद, कामाचे स्वरूप, कालावधी. लिहीत गेले: पात्रता विभाग, वसतिगृह, पदवी प्रमाणपत्र कक्ष, विद्यार्थी विकास, आणि सहायक कुलसचिव झाल्यावर पुन्हा विद्यार्थी विकास. वरून खाली एकदा वाचलं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईचं नाव वर घातलं तरी तक्ता चालून जाईल. वित्त नाही, आस्थापना नाही, संलग्नता नाही, परीक्षेचा गोपनीय कक्ष तर नाहीच.

विद्यापीठ चालतं ते या चार ठिकाणांहून. संलग्नतेत बसलेल्याला प्रत्येक संस्थाचालक नावानिशी ओळखतो. आस्थापनेतल्याला, म्हणजे नेमणुका-बढत्या बघणाऱ्याला, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा क्रम) आणि सेवाज्येष्ठता यादी झोपेत विचारा. वित्तवाल्याला कुठला खर्च कुठल्या लेखाशीर्षात बसतो ते कळतं, म्हणून कुलगुरूंच्या दालनात त्याला खुर्ची मिळते. आणि परीक्षा विभागात ज्याने दोन हिवाळी, दोन उन्हाळी सत्रं काढली, त्याला पुढे कशाचीच भीती वाटत नाही. मुलाखतीत प्रश्न येतात तेही इथलेच. न्यायालयीन प्रकरणात शपथपत्र केलंय का? लेखापरीक्षणाच्या आक्षेपांची पूर्तता केलीय का? मागच्या वेळी मी युवक महोत्सवाबद्दल सांगितलं. समितीतले सगळे प्रसन्न हसले. निवड अर्थातच दुसऱ्याची झाली.

मी कुणाला नावं ठेवणार नाही, कारण माझ्याशी कुणी वाईट वागलंच नाही. उलट फार चांगले वागले. "मॅडम, पोरं लहान आहेत तुमची, कॅपमध्ये, उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, रात्रीचे अकरा वाजतात, कशाला अडकता?" असं म्हणून तेव्हाच्या अधीक्षकांनी माझं नाव परीक्षेच्या यादीतून काढून वसतिगृहाच्या यादीत घातलं. तेव्हा ते सोयीचंही होतं. माझ्याबरोबर लागलेल्या सहकाऱ्याला परीक्षा मिळाली. पोरं त्याचीही लहानच होती.

तो आता उपकुलसचिव आहे. माणूस चांगला आहे, कामाला वाघ आहे, आणि अडलं की आजही मी त्यालाच फोन करते. पण ते काम त्याला येतं, कारण त्याला ते करायला मिळालं.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, निकषांचा हिशेब मांडून पाहिला. उपकुलसचिव व्हायला सहायक कुलसचिव म्हणून ५ वर्षं. प्रशासनाच्या वाटेने कुलसचिव व्हायचं तर एकूण १५ वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यातली ८ वर्षं उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावर. आमची निवृत्ती ५८ व्या वर्षी. म्हणजे पन्नाशीत उपकुलसचिव झालेल्या बाईची आठ वर्षं पुरी होतात तेव्हा तिच्या निरोप समारंभाची शाल आणलेली असते. वरच्या पदासाठी बायका अर्जच करत नाहीत असं मोठ्या सभांतून ऐकते, तेव्हा ही वजाबाकी समोर ठेवावीशी वाटते. एक टेबल पाच वर्षं उशिरा मिळालं की शेवटचं पद हातातून गेलेलंच असतं, आणि ते कळतं फार उशिरा.

आज उगाच इरावतीबाई आठवल्या. बर्लिनहून पीएच.डी. करून आलेल्या इरावती कर्वे १९३१ ते १९३६ या काळात महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या, कुलसचिव होत्या. पुढे १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात गेल्या, तिथलं सगळं आपल्याला माहीत आहे. ती आधीची वर्षं कुणी फारशी सांगत नाही. विद्यापीठ सासऱ्यांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेलं, तेव्हा दार घरातूनच उघडं होतं हे खरंच. तरी नव्वद वर्षांपूर्वी आवक-जावक, परीक्षा, इतिवृत्तं, संलग्न शाळा-कॉलेजांची पत्रं एका बाईच्या टेबलावर येत होती. त्यांच्या हाताखालच्या कारकुनांनी काय म्हटलं असेल, कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

सगळ्यांसाठी असलेल्या विद्यापीठांत हे फार सावकाश झालं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिल्या महिला कुलगुरू मेहरू बेंगाली १९८६ मध्ये. पुढे १९९५ मध्ये स्नेहलता देशमुख आल्या, बालशल्यविशारद, सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता राहिलेल्या. पदवी प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या नावाबरोबर आईचं नाव यावं हा निर्णय त्यांच्या काळातला. मी पदवी कक्षात काम केलंय, म्हणून सांगते, नमुन्यात एक रकाना वाढवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. छपाई बदलते, संगणकातली नोंद बदलते, जुन्या अर्जांचं काय करायचं यावर टिपण्या फिरतात, आणि प्रत्येक टप्प्यावर एकजण म्हणतो, "याची गरज काय?" खुर्चीत बसलेल्याला मनापासून हवं असल्याशिवाय असा रकाना वाढत नाही.

विषय निघाला म्हणून: मध्यंतरी एका ठिकाणी महिला नेतृत्वावर कार्यशाळा होती. आत प्राध्यापक मॅडमांचं सत्र चाललेलं, आणि बाहेर आम्ही कार्यालयातल्या बायका नोंदणीच्या टेबलावर पिशव्या अन् बॅजेस वाटत होतो. दुपारी चहा कमी पडला, तर आयोजक धावत आमच्याकडेच आले. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेवर (सिनेटवर) निवडून येणाऱ्या दहा प्राचार्यांत एक जागा बाईसाठी ठेवली, दहा अध्यापकांतही एक. निदान कायद्यात तेवढं लिहिलेलं आहे. कनिष्ठ सहायक म्हणून लागलेल्या मुलीला कुठल्या टेबलावर बसवायचं, हे मात्र कायदा ठरवत नाही. ते अधीक्षक ठरवतात, बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात, चहा पिता पिता.

आणि तीच गोष्ट आज दुपारी समोर आली. नवीन लागलेली मुलगी माझ्या केबिनमध्ये आली, म्हणाली, "मॅडम, मला परीक्षा विभाग द्याल का? विद्यार्थी विकासात मला सगळे फक्त सूत्रसंचालन सांगतात." आवाज गोड आहे तिचा, तिथेच घात झालाय. मी अधीक्षकांना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, मुलगी रोज एसटीने येते. शेवटची गाडी साडेसातची. रात्री उशीर झाला आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

प्रश्न खोटा नाही. तालुक्याच्या फाट्यावर रात्री एकटं उतरणं काय असतं, ते मी त्यांना सांगायला नको आणि त्यांनी मला. मी विचारलं, "गोपनीय कक्षाच्या प्रश्नपत्रिका सोडायला विद्यापीठाची गाडी रात्री जाते ना?" ते म्हणाले, जाते. "मग माणसं सोडायला का जाऊ नये?" यावर ते म्हणाले, "ताई, टिपणी टाका, मी सही करतो." एवढं तर एवढं. या माणसाने आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही, फक्त होही म्हटलेलं नाही.

टिपणी घरी आणली आहे. परीक्षा व मूल्यांकनाच्या काळात सायंकाळी सातनंतर थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वाहन, असं लिहिलंय. आधी 'महिला कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलं होतं, ते खोडलं. तसं लिहिलं तर पुढच्या सत्रात गाडीचा खर्च वाचवायला बायकांचीच नावं यादीतून उडतील. खर्च परीक्षा निधीतून टाकावा की सामान्य निधीतून, हे कळेना. सामान्य निधीत टाकला तर वित्तवाले तरतूद नाही म्हणून परत पाठवतील. परीक्षा निधीत मूल्यांकनाच्या आनुषंगिक खर्चात बसायला हवा. सकाळी त्या उपकुलसचिवालाच फोन करून विचारते, साडेनऊच्या आत, नाहीतर तो बैठकीत जाईल.