‘ही आपली कोशिंबीरच ना?’

नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच नीट सांगते. हा प्रश्न मला पंगतीत विचारून झालाय, भिशीत झालाय, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना झालाय. "ते तुमचं शिराझचं सॅलड असतं ना, काकडी-टोमॅटोचं... म्हणजे आपली कोशिंबीरच की!" विचारणारीच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचं समाधान असतं. मी एवढी लांब जाऊन, सहा वर्षं राहून शेवटी आणलं काय, तर कोशिंबीर.

मी साताऱ्याची, नवरा इराणातल्या शिराझचा, पुण्यात शिकायला आला होता, पुढचं तुम्हाला पाठ आहे. ते सोडते. इराणी हॉटेलांबद्दलही पुन्हा सांगत बसत नाही. ते हॉटेलवाले बहुतेक यज्दकडून आलेले झोराष्ट्रीयन, आणि माझ्या नवऱ्याने आयुष्यातला पहिला बन मस्का खाल्ला तो डेक्कनवर.

तर सालाद शिराझी. काकडी, टोमॅटो, कांदा. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण काकडी तिथली. वीतभरसुद्धा नसते, साल पातळ, बिया जवळजवळ नाहीतच. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात तर सफरचंद-संत्र्यांच्या ताटात ही काकडी ठेवलेली असते, शेजारी सुरी आणि मीठ. फळ म्हणूनच खातात तिला. पहिल्यांदा मला वाटलं, भाजीची टोपली चुकून बाहेर राहिली. आणि चिरायची कशी, तर ‘नेगीनी’. नेगीन म्हणजे अंगठीतला खडा. तेवढे तुकडे, तिन्ही गोष्टींचे सारखे. चमच्यात एका वेळी तिन्ही यायला हव्यात. बाकी इराणात शिराझच्या माणसांना आळशी म्हणून चिडवतात, त्यांच्यावर विनोद आहेत ते सगळे झोपेचे. या आळशी गावाच्या नावावर तासभर चिरत बसायचं सॅलड कसं आलं, हे मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बसूनच चिरायचं असतं ना!"

आंबट म्हणून आबघुरे. घुरे म्हणजे कच्ची हिरवी द्राक्षं, त्यांचा रस. ती नसतील तर लिंबू, आणि हिवाळ्यात कडू नारिंगाचा रस. शिराझमध्ये ती झाडं रस्त्यांच्या कडेने आहेत, एप्रिलमध्ये फुलली की घराच्या खिडक्या लावाव्याशा वाटत नाहीत. मग वाळवलेला पुदिना, तळहातावर चोळून. ताजा नाही, वाळवलेलाच. पुदिन्याला तिथे ‘नाना’ म्हणतात आणि शिराझी माणूस मित्राला ‘काकू’ अशी हाक मारतो, त्यामुळे लग्नानंतरचे पहिले काही महिने मी कुठल्या घरात आले आहे याचा मला नीट अंदाज येत नव्हता. मीठ, मिरपूड. ऑलिव्हचं तेल कुणी घालतात, आमच्या सासूबाई, मामान, नाही घालायच्या.

आणि कूट नाही. फोडणी नाही. साखरेची चिमूट नाही. दही तर नाहीच. दह्यातल्या काकडीला वेगळं नाव आहे, मास्त-ओ-खियार, आणि तुम्हाला कोशिंबिरीची बहीण शोधायचीच असेल तर ती तिकडे शोधा. तिच्यावरही वाळवलेले नाना असतात, शिवाय अक्रोड आणि मनुका.

आता कबुली. "इराणी कोशिंबीर" हे नाव तुमच्यात पसरवलं कोणी? मीच. २०१० साली मी बहिणीला एक मेल लिहिली होती, मथळा ‘सोपी इराणी कोशिंबीर’. शेवटी एक ओळ होती: ‘दाण्याचं कूट घातल्यास अधिक खमंग लागते.’ बहिणीने ती महिला मंडळाच्या पुस्तिकेला दिली, तिथून कुणीतरी फोटो काढला, आणि दर उन्हाळ्यात तो फोटो फिरत फिरत माझ्याच फोनवर येतो, खाली हात जोडलेले. त्या सव्वीस वर्षांच्या बाईशी मी बरेचदा भांडते. तिला घाई होती. तिला आईला सांगायचं होतं की काळजी करू नकोस, इथे सगळं आपल्यासारखंच आहे. सगळं आपल्यासारखं नव्हतं, हे तिला तेव्हाही माहीत होतं. पण फोनवर आईला आणखी काय सांगणार होती ती?

आता ते सांगते ज्यामुळे मला हा प्रश्न सहन होत नाही.

२०१३ चा उन्हाळा. सासरे आजारी होते, आणि आजार बरा होणारा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आदल्या वर्षीच्या शरदात रियाल कोसळला होता, निर्बंधांमुळे बाहेरून येणारी औषधं मिळेनाशी झाली होती. नवरा सकाळी चिठ्ठी घेऊन निघायचा आणि या फार्मसीतून त्या फार्मसीत करत दुपारी रिकाम्या हाताने यायचा. बाबांची भूक गेली होती. भात बघून मान फिरवायचे. मांसाचा वासही नको व्हायचा.

एकच गोष्ट ते मागत. सालाद नव्हे, सालादचं पाणी. वाडग्याच्या तळाशी काकडी-टोमॅटोचा सुटलेला रस असतो ना, आबघुरे आणि मीठ आणि पुदिना उतरलेला, तो. आमच्या घरी एरवीही जेवणाच्या शेवटी त्या रसावरून भांडण व्हायचं, नणंदेची मुलं वाडगा पळवायची. त्या उन्हाळ्यात मात्र वाडगा न बोलता बाबांसमोर जायचा. तीन चमचे, चार चमचे. कधी वाडगा उचलून तोंडाला लावायचे.

हे मी रोज बघत होते. खरंच बघत होते. पण बघणं आणि कळणं यांत माझं काहीतरी बिनसलेलं होतं, कारण मला वाटायचं की ते बिचारे उरलेलं पाणी पितात, कारण चावायला त्रास होतो.

एके दिवशी मामान मर्वदश्तला गेल्या, नात्यातल्या कुणाच्या तरी सातव्या दिवसाला. स्वयंपाक माझ्यावर. कलम पोलो करायचा होता, शिराझचा, नवलकोल घातलेला, शेपू आणि तारखूनचा पाला आणि बोराएवढे खिम्याचे गोळे, आणि कलम पोलोबरोबर सालाद शिराझी हवंच. मी म्हटलं, आज दाखवते. काकडी चिरली, नेगीनी, मामानपेक्षाही बारीक. टोमॅटोच्या बिया काढून टाकल्या. मीठ लावून ठेवलं. मग आईने शिकवलं तसं, दोन्ही मुठींत घेऊन पिळलं. घट्ट पिळलं. खमंग काकडी करताना ज्या मुलीच्या काकडीला पाणी सुटतं तिला आमच्या घरी काय ऐकावं लागायचं, ते तुम्हाला सांगायला नको. हिरवट, गुलाबी, पुदिन्याचा वास असलेलं दीड वाटी पाणी मी सिंकमध्ये ओतलं आणि वर नळ सोडला.

सालाद सुंदर झालं होतं. मोत्यासारखं सुटं. मी त्याचा डोंगर रचला.

सोफ्रे, म्हणजे जेवणाचं कापड, जमिनीवर अंथरला, बाबांना उशीला टेकवून बसवलं, वाडगा पुढे ठेवला. त्यांनी चमचा घेतला, डोंगराच्या कडेने खाली घातला. काही नाही. वाडगा थोडा कलता केला. चमच्याने ढीग एका बाजूला सारून पाहिला, अगदी हळू, लहान मूल वाळूत विहीर खणतं तसा. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "दस्तेत दर्द नकोने, अरूस." म्हणजे सूनबाई, तुझे हात दुखू नयेत. ‘छान केलंस’च्या जागी तिथे हेच म्हणतात. माझ्या मराठी कानाला त्यात नेहमी ‘नको ने’ ऐकू यायचं. त्यांनी काकडीचा एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला, आणि चमचा ताटलीत पालथा ठेवला.

नवऱ्याला कळलं असणार. तो काही बोलला नाही. मी विचारलं, मीठ कमी झालं का? "नाही, छान आहे," बाबा म्हणाले.

मामान संध्याकाळी आल्या. चादोर खुंटीला लावता लावता फ्रिजमधला वाडगा काढला, झाकण उघडलं आणि विचारलं, "आबेश कू?"

ह्याचं पाणी कुठंय?

मी म्हटलं, पिळून टाकलं. त्यांनी सिंककडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग त्याही म्हणाल्या, माझे हात दुखू नयेत, आणि फडक्याने कोरडाच ओटा पुसायला लागल्या.

आब हा शब्द आपण तिथूनच घेतलाय. आब राखला, आब गेला. अब्रूही तीच, तोंडावरचं पाणी. त्या रात्री हे सगळं सुचलं नव्हतं, पुढे कधीतरी पुण्यात भांडी घासताना सुचलं, तेव्हा हात थांबला आणि मग मी पुढचं भांडं घेतलं.

माझी बाजूही ऐका. मला कुणी सांगितलं होतं? चार वर्षं मी त्या घरात चिरत होते, आणि चार वर्षं सगळे "हात दुखू नयेत" म्हणत होते. तिथे सुनेला तोंडावर चूक सांगत नाहीत. आमच्या साताऱ्यात एक शब्द जोरात पडला असता, मी रडले असते आणि पुन्हा कधी चुकले नसते. त्यांच्या त्या मायेचा, त्या तआरोफचा, म्हणजे समोरच्याला न दुखावण्याच्या त्या रीतीचा, मला अजून राग येतो. आणि लगेच वाटतं, राग कसला करतेस, रोज समोर एक माणूस वाडगा उचलून तोंडाला लावत होता. आणखी कुठल्या भाषेत सांगायला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी मामानने सालाद केलं. रस भरपूर होता. बाबांनी दोन चमचे घेतले. तेव्हा तसं पाहिलं तर काही बिघडलं नाही. ते ऑक्टोबरमध्ये गेले, आणि माझ्या त्या दुपारीमुळे नक्कीच नाही. नवरा तर म्हणतो त्याला तो दिवस आठवतही नाही. खरं सांगतो की तोही तआरोफ, हे मी शोधत नाही.

म्हणून तुम्ही "कोशिंबीरच ना?" विचारलंत की माझा आवाज चढतो. कोशिंबिरीत पाणी सुटलं की ती बिघडली. इथे पाण्यासाठीच बाकी सगळं चिरायचं.

निदान असं मी म्हणत आले. मग परवा आतेबहीण म्हणाली, "अगं, आमच्या सासरी कोशिंबिरीचं पाणी भातावर घेतात, कुठे पिळून टाकतात?" यावर मला उत्तर सुचलं नाही. आणि परंपरेचं म्हणाल तर टोमॅटो इराणात पोचला एकोणिसाव्या शतकात. फारसीत त्याचं नाव अजून गोजे-फरंगी आहे, फिरंगी आलुबुखार. आपल्याकडेही विदर्भात भेदरं, कुठे बेलवांगी, असं दुसऱ्याच्या नावाने ओळखत ओळखत तो घरात आला. ‘सालाद’ हा शब्दही फिरंग्यांकडचाच. जुना कवी हाफिज शिराझचाच, पण हे सॅलड काही त्याने खाल्लेलं नाही. तेव्हा ‘अस्सल’ या शब्दावर मी फार रेलून उभी राहत नाही.

करायचंच असेल तर असं करा. मॉलमध्ये मिळतात त्या बारक्या काकड्या चार. आपली गावरान असेल तर देठ कापून घासून कडूपणा काढा आणि बियांचा गर काढा. कडक टोमॅटो तीन, पण त्यांच्या बिया काढू नका, रस त्यातूनच येतो. लहान कांदा एक. वाळवलेला पुदिना चमचाभर. तो सावलीत चार-पाच दिवसांत वाळतो, पण पुण्याच्या जुलैत नादाला लागू नका, काळा पडतो. दोन लिंबं. आबघुरेच्या आशेने मी एकदा तासगावला मामेभावाच्या बागेत विरळणीच्या वेळी गेले होते. खाली पडलेली कच्ची द्राक्षं ओच्यात गोळा करायला लागले तर तो लांबून ओरडला, "ताई, टाक ते! कालच औषध मारलंय!" तेव्हापासून लिंबूच. मीठ वाढायच्या दहा मिनिटं आधी घाला, आणि मग हात लावू नका. खोलगट वाडग्यात वाढा. चाळणी कपाटात राहू द्या.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. आमच्या घरी आता ते पाणी कुणी पीत नाही. मुलीला आंबट लागतं. मी पिते, पण मला ते विशेष आवडतं असं नाही. आणि ज्याच्या गावाच्या नावाने मी तुमच्याशी एवढी भांडते, त्याने परवा जेवताना आपल्या वाटीतलं सगळं पाणी बाजूला काढलं, उठला, डबे उघडून बघितले, आणि मला विचारलं, "कूट संपलं का?"