उडी दोन पिक्सेलांनी हुकली

फोंड्यात जुलैच्या पावसात वीज जाणं ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हे. पण त्या संध्याकाळी ती गेली नसती, तर आमचा गेम मोडकाच लोकांच्या हाती पडला असता.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर रात्री साडेदहाला प्रकाशन ठरलं होतं. तिकडे अमेरिकेत पॅसिफिक वेळेनुसार सकाळचे दहा. १०० डॉलर भरल्यावरची ३० दिवसांची वाट, ‘कमिंग सून’ पानाचे किमान दोन आठवडे, बिल्डची, म्हणजे गेमच्या तयार फाइलींची, तपासणी, सगळं उरकलेलं. सातच्या सुमाराला मी चौथी लेव्हल शेवटची म्हणून खेळत होतो. ती खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, बेतली आहे. भरतीचं पाणी चढलं की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं त्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. दार मिटलेलं असताना त्याच्या माथ्यावर उडी मारून बांध गाठायचा. दार १६ पिक्सेलांच्या चार टाइलांचं, वर ४ पिक्सेलांचा चिऱ्याचा थर. एकूण ६८.

शेजारून ‘करंट गेलो!’ अशी आरोळी आली. लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि त्याने फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वरून ३० वर आणल्या. त्या क्षणापासून पात्राचे पाय चिऱ्याला लागेनात. वीसेक वेळा प्रयत्न केला; दरवेळी कडेला घासून खाली.

उडीचा हिशेब असा होता: उंची ७२ पिक्सेल, माथ्यावर पोचायला ०.४ सेकंद. म्हणजे गुरुत्व ९०० आणि सुरुवातीचा वेग ३६०. कागदावर चोख. पण कोड दर फ्रेमला आधी वेग कमी करायचा आणि मग पात्र सरकवायचा, त्यामुळे दर उडीत अर्ध्या फ्रेमची वाटचाल बुडायची. ६० फ्रेम्सवर उडी ६९ भरते, १२० वर ७०.५, ३० वर फक्त ६६. डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेम्समधल्या वेळेने, गुणलं की फ्रेम्सची काळजी मिटली, असं सगळेच धरून चालतात. आम्हीही धरलं होतं. आमच्या चाचण्या ६० आणि १२० वर झालेल्या, तिथे दार निमूट पार व्हायचं.

आणि ही लेव्हल साधारण २५ व्या मिनिटाला येते. दोन तासांहून कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो. इथे अडकलेला माणूस पैसे परत मागणार, वर वाईट शेराही देणार.

अर्धं गुरुत्व सरकण्याआधी आणि अर्धं नंतर लावलं, तर उंची नेमकी ७२ येते. मोह झाला, पण आवरला. सगळ्या लेव्हल ६९ च्या उडीवर तपासलेल्या; तीन पिक्सेल वाढले की कुठली तरी पळवाट उघडणारच. म्हणून हालचालीचा कोड गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ‘_फिजिक्स_प्रोसेस’मध्ये नेला. तिथे हिशेबाचे ठोके सेकंदाला ६० च, पडदा कितीचाही असो. कडेवरून पाय सुटल्यावर उडीला मिळणारी सवलत ६ फ्रेम्स अशी मोजली होती, ती ०.१ सेकंद केली.

मग १२० च्या पडद्यावर पात्र थरथरू लागलं. गोडो ४.३ पासून द्विमितीतही फिजिक्स इंटरपोलेशन, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या जागा भरून दाखवायची सोय, आहे; ते चालू केलं. थरथर गेली, पण मेल्यावर पात्र खड्ड्यापासून समईपर्यंत, म्हणजे पुन्हा सुरू होण्याच्या जागेपर्यंत, रेघ ओढत जाताना क्षणभर दिसायचं. जागा बदलल्या बदलल्या इंटरपोलेशन रीसेट केलं, तेव्हा ती रेघ पुसली गेली.

फ्रेम्स ३०, ६०, १२० वर बांधून दार प्रत्येकी दहा वेळा ओलांडलं. वायफाय कधीच बंद पडलेलं, त्यामुळे अपलोड मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. स्टीम फाइलचे साधारण एक-एक एमबीचे तुकडे पाडतं आणि बदललेलेच पाठवतं. गेमचा सगळा ऐवज असलेल्या पॅक फाइलला एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक कुलूप, लावलं नव्हतं ते बरं. नाहीतर सगळी फाइलच बदलली असती. बिल्ड मुख्य शाखेवर, म्हणजे ग्राहकांना मिळणाऱ्या आवृत्तीवर, चढवलं, दुसऱ्या मशीनवर स्टीममधूनच उतरवून पुन्हा दार ओलांडलं आणि मगच बटण दाबलं.

मध्यरात्रीनंतर एकाने कळवलं की तो स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्रावर ४० फ्रेम्स बांधून खेळतोय आणि चौथी लेव्हल संपवली. मी जुन्या कोडचा हिशेब करून पाहिला. ६७.५ आला.