आमची वाटचाल : रंगीत पत्त्यांपासून पांढऱ्या पत्त्यांपर्यंत

मराठी व्याकरणाचे खेळ बनवण्याचा हा व्यवसाय सुरू करण्याआधी मी मुद्रितशोधक होते. दिवसभर इतरांची मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी लेकीचा अभ्यास घ्यायचा. तिला शब्दांच्या आठही जाती घडाघडा म्हणता येत. पण तिनेच लिहिलेल्या ओळीतलं क्रियापद दाखव म्हटलं, की ती गप्प. माझी एक मैत्रीण मराठीची शिक्षिका. तिच्या वर्गातही हेच चाललं होतं. दोघींनी मिळून शब्दपत्त्यांचा खेळ तयार केला.

पहिला संच देखणा होता. नाम निळं, विशेषण हिरवं, क्रियापद लाल. एका वर्गात पाचवीतल्या मुलीने ‘गोड’चा हिरवा पत्ता धरून विचारलं, “‘गोड आवाज’ला हिरवा ठीक आहे, पण ‘ती गोड गाते’ला पण हिरवाच कसा?” तिचं बरोबर होतं. तिथे ते क्रियाविशेषण होतं. ‘मला गोड आवडतं’ म्हटलं तर नाम. शब्दाची जात वाक्यातल्या कामावरून ठरते आणि आम्ही ती छापखान्यातच ठरवून टाकली होती. मुलं व्याकरण नव्हे, रंग पाठ करत होती. उरलेले सगळे संच आम्ही रद्द केले. तोटा मोठा होता, पण चुकीचं शिकवणारी वस्तू विकायला मन तयार होईना.

आता आमचे पत्ते पांढरे असतात. रंग वेगळ्या पारदर्शक पट्ट्यांवर. मुलं आधी वाक्य मांडतात, मग पट्टी ठेवतात आणि तीच का ठेवली ते गटाला पटवून देतात. वाद होतात. होऊ द्यावेत.

व्याकरणातल्या प्रयोगांसाठी, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं की कर्माप्रमाणे हे ओळखण्यासाठी, आम्ही दोरी वापरतो. एक मूल कर्ता, एक कर्म, एक क्रियापद. क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलेल त्याच्या हाती दोरीचं दुसरं टोक. ‘मुलगा चिठ्ठी लिहितो’मध्ये मुलगी आणली की ‘लिहिते’ होतं, म्हणजे दोरी कर्त्याकडे. ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’मध्ये मुलगी आणली तरी ‘लिहिली’च, चिठ्ठीच्या जागी निबंध आला की मात्र ‘लिहिला’. दोरी कर्माकडे जाते. मग ‘मुलाने मांजराला पकडले’. कर्ता बदला, कर्म बदला, ‘पकडले’ हलत नाही. दोरीचं टोक लोंबत राहतं आणि कुणीतरी ओरडतं, “हे कुणाचंच ऐकत नाही!” मग ‘भावे प्रयोग’ एवढं नाव सांगितलं की पुरतं.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. फूल-फुलाला, गरीब-गरिबाला, मूल-मुलाला अशा जोड्या समोर ठेवल्या की नियम मुलंच शोधतात. मग ‘गीत-गीताला’ ठेवायचं. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांबद्दलचं कुतूहल तिथून सुरू होतं.

लेखनाचा खेळ सगळ्यात साधा, आणि माझा सर्वांत आवडता. एकाने आकृती पाहून ती कशी काढायची ते लिहायचं, दुसऱ्याने फक्त ते वाचून काढायची. त्रिकोण भलतीकडे गेला की लिहिणारा स्वतःच कागद परत मागतो आणि ‘वर’ खोडून ‘चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यावर’ लिहितो. लाल पेनाने हे कधी साधलं नव्हतं. शिक्षकांना आमची एकच विनंती असते : या पहिल्या कच्च्या लेखनात शुद्धलेखन तपासू नका, ते पुढच्या खर्ड्यात बघू.

सध्या विरामचिन्हांचा संच करतो आहोत. मुलं एकमेकांचे परिच्छेद मोठ्याने वाचतात आणि वाचणारा जिथे अडखळेल तिथे लिहिणारा खूण करतो. स्वल्पविराम जमतो आहे. अर्धविरामाचा खेळ मनासारखा होईपर्यंत छपाईला देणार नाही.